सामन मासा आणि आमची विश्वामित्री

आज भाचीचा 'नदीची परिसंस्था' हा प्रोजेक्ट पाहिला आणि डोकंच फिरलं. बर्फाळ डोंगरांतली नदी, उसळणारे सामन मासे, काठावर अस्वल. सगळं आमच्या बडोद्याच्या रावपुऱ्यातून रंगीत प्रिंट काढून चिकटवलेलं, वर लाल शाईत 'उत्तम'. अहो, शाळेपासून विश्वामित्री हाकेच्या अंतरावर आहे! भर शहरात मगरी नांदणारी नदी, आणि आमच्या मुलांनी शिकायचं काय, तर सामन?

हीच पोर मागच्या पावसाळ्यानंतर आमच्याबरोबर पावागढच्या पायथ्याशी आली होती. विश्वामित्री त्याच डोंगरातली. तिथल्या एका ओहोळात तिनं दगड उलटला. खाली तीन शेपट्यांचा चपटा किडा, पोटाच्या दोन्ही बाजूंना कल्ले हलताहेत. मेफ्लायचं पिल्लू, स्वच्छ, भरपूर ऑक्सिजनच्या पाण्यात वाढणारं. शेजारी वाळूचे कण चिकटवून केलेली नळी, आत अळी. "आत्या, हिनं घर बांधलंय!" मग तिनं तो दगड अलगद, होता तसा परत ठेवला. मी काही सांगितलं नव्हतं.

होता तसा ठेवला! कुठल्या फाइलमधून येतं हे?

सांडपाण्याच्या गाळात हे जीव टिकत नाहीत. तिथे लाल अळ्या वळवळतात. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून कमी ऑक्सिजनमध्येही तगतात. दोन्हीकडचे किडे वहीत शेजारी शेजारी काढले, की पाण्याचं काय झालं ते सातवीतल्या मुलाला कळतं. गाळणी आणि पांढरी थाळी, एवढंच लागतं.

मगरींमुळे मुलांना शहरात काठावर उतरवता येत नाही, मान्य. पण 2024 च्या ऑगस्टमध्ये पाणी घरात आलं, मगरी सोसायट्यांत आल्या, तेव्हा सगळे नदीलाच शिव्या घालत होते. कांसांवर, म्हणजे पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या नाल्यांवर, स्लॅब कुणी टाकले? तळी बुजवून प्लॉट कुणी पाडले? शिकलेल्या माणसांनीच ना? त्यांच्याही फाइलींवर 'उत्तम' असेल.

बाईंवर राग नाही माझा. वर्गात पोरं किती, वर निवडणुकीची कामं. आणि त्यांना तरी लहानपणी कुणी दगड उलटून दाखवला असेल?

माझ्या यादीत शिक्षक बरेच आहात. पावागढ जेमतेम 50 किलोमीटर, कालिकामातेला आपण जातोच. पाऊस ओसरला की एक वर्ग घेऊन चला, ओहोळावर दोन तास थांबू. गाळण्या, थाळ्या, भिंगं मी आणते. बसचं तेवढं तुम्ही बघा.