जनरेटर फिरतोय पण लाइट नाही: ग्रुपवरच्या त्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

गुरुवारच्या वीज-शटडाउनची सूचना आली की पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड हमखास फिरायला लागतो: ‘मेकॅनिकला पैसे देऊ नका, जनरेटर स्वतः दुरुस्त करा.’ त्यातल्या एका मुद्द्यात थोडं तथ्य आहे, काही खर्चात पाडणारे आहेत आणि शेवटचा थेट जीव घेणारा आहे. खाली मेसेजचं वाक्य आधी दिलंय आणि त्याचं उत्तर नंतर.

‘इंजिन चालतं पण व्होल्टेज येत नाही, म्हणजे वाइंडिंग जळलं. रिवाइंडिंगला पर्याय नाही.’

सगळ्यात महाग पडणारं वाक्य हेच. सोसायट्यांमधल्या बहुतेक जनरेटर सेटना ब्रशलेस (कार्बन ब्रश नसलेला) अल्टरनेटर, म्हणजे वीज तयार करणारा भाग असतो. त्यात वीज तयार होते ती साखळीने. लोखंडात उरलेल्या चुंबकत्वामुळे आधी थोडे व्होल्ट येतात. ते एव्हीआरला (ऑटोमॅटिक व्होल्टेज रेग्युलेटर, व्होल्टेज सांभाळणारं कार्ड) मिळतात, एव्हीआर एक्सायटरच्या (त्याच शाफ्टवरच्या छोट्या जनरेटरच्या) स्टेटरला, म्हणजे स्थिर भागाला, डीसी देतो, एक्सायटरच्या रोटरमध्ये, म्हणजे फिरत्या भागात, एसी तयार होतो, शाफ्टबरोबर फिरणारे सहा डायोड त्याचा डीसी करतात, तो मुख्य रोटरला जातो आणि मग कुठे मुख्य स्टेटरवर 415 व्होल्ट उभे राहतात. यातली कुठलीही एक कडी तुटली की मीटरवर व्होल्टेज दिसत नाही. मुख्य वाइंडिंग (स्टेटरवरची तारेची गुंडाळी) ही त्यातली फक्त एक कडी. ते खरंच जळलं असेल तर वास येतो, वार्निश काळं पडतं, तिन्ही फेजचे व्होल्ट एकमेकांशी जुळत नाहीत, आणि लोड नसतानाही इंजिन दबून चालतं.

तपासायचं ते या क्रमाने. कव्हर उघडण्याआधी पॅनेल ‘ऑटो’वरून काढा, इमर्जन्सी स्टॉप दाबा आणि बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडा. एएमएफ पॅनेल असलेला सेट लाइट गेल्याबरोबर आपणहून क्रँक होतो, तुमचा हात कुठे आहे हे त्याला कळत नाही.

पहिलं मोजमाप पॅनेलवर न घेता अल्टरनेटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये घ्या. एमसीसीबी (सेटचा मुख्य ब्रेकर) ऑफ ठेवा आणि मोजण्यापुरती बॅटरी पुन्हा जोडून सेट 1500 आरपीएमवर (मिनिटाला 1500 फेऱ्या) आणा. टर्मिनलवर 415 असतील आणि पॅनेलवर शून्य, तर दोष ब्रेकरचा, फ्यूजचा किंवा केबलचा. अल्टरनेटरला हात लावू नका. टर्मिनलवर फेज-टू-फेज दहा-वीस व्होल्ट आले तर चुंबकत्व शाबूत आहे, साखळी पुढे कुठेतरी तुटली आहे.

आता दोष एव्हीआरचा की मशीनचा, हे ठरवणारी टेस्ट. सेट बंद करून एक्सायटरच्या दोन वायरी एव्हीआरवरून काढा (काही मशीनवर त्यांना एक्स आणि डबल एक्स म्हणतात, काहींवर एफ प्लस आणि एफ मायनस). त्यांना 12 व्होल्टची वेगळी बॅटरी जोडा, प्लसला प्लस. सेट 1500 आरपीएमवर आणून तिन्ही फेज मोजा.

तिन्ही सारखे आणि रेटेड व्होल्टेजच्या दहा टक्क्यांच्या आत-बाहेर असतील, तर अल्टरनेटर ठणठणीत आहे. एव्हीआर किंवा त्याच्या सेन्सिंगच्या वायरी बघा. तिन्ही सारखे पण बरेच कमी असतील, तर डायोड किंवा एक्सायटर. तिन्ही वेगवेगळे आले, तरच मुख्य स्टेटरवर संशय घ्या.

डायोड तपासताना त्याची शेपटीची वायर सोडवावीच लागते, नाहीतर मीटर शेजारच्या वाटेनेच आकडा दाखवतो. डायोड मोडवर एका दिशेने साधारण अर्धा व्होल्ट आणि उलट दिशेने काहीच नाही, तर डायोड चांगला. दोन्ही दिशांना शून्य असेल तर तो शॉर्ट आहे. तीन डायोड एका पोलॅरिटीचे आणि तीन उलट असतात, दिसायला मात्र सारखेच. अंगावरचा बाण बघूनच बसवा. एक शॉर्ट झाला की उरलेल्यांवर ताण आलेला असतो, म्हणून सहाच्या सहा आणि त्यांच्यासोबतचा व्हेरिस्टर (व्होल्टेजचे झटके शोषणारा भाग) एकदम बदला. हीट सिंक पेस्ट बुडाला लावा, आट्यांना नाही. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत डायोड घ्यायला जाताना जुना सोबत न्या आणि त्यावरचा नंबर जुळवून घ्या. ‘असाच असतो’ म्हणून दिलेला घेऊ नका. एक्सायटर स्टेटरचा रेझिस्टन्स अशा मशीनमध्ये बहुधा वीस ओहमच्या आसपास असतो. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा.

पावसाळ्यानंतर मेगर (इन्सुलेशन मोजणारा मीटर) कमी दाखवतो म्हणून रिवाइंडिंगला पाठवलेल्या मशीनही असतात, आणि त्यातल्या बऱ्याच नुसत्या ओल्या असतात. एव्हीआर सोडवून, डायोडांची टोकं वायरने एकमेकांना जोडून (शॉर्ट करून), 500 व्होल्टच्या मेगरने एक मेगओहमपेक्षा कमी आलं तर आधी वाळवा: टर्मिनल कव्हर उघडं ठेवून आत गरम हवा सोडा आणि दर तासाला रीडिंग घ्या. सुरुवातीला आकडा आणखी खाली जातो. घाबरू नका, ओलावा बाहेर निघतोय. मग तो चढायला लागतो. चढून स्थिर झाला की काम झालं. दिवसभर वाळवूनही हललाच नाही, तर वाइंडरला बोलवा.

‘आउटपुट सॉकेटमध्ये बॅटरीच्या दोन वायरी खुपसा, करंट जागा होतो.’

थोडं तथ्य आहे ते इथे. महिनोन् महिने बंद राहिलेल्या सेटचं चुंबकत्व कमी होतं आणि एव्हीआरला सुरू व्हायला लागणारे चार-पाच व्होल्टही मिळत नाहीत. अशा वेळी फ्लॅशिंग करतात, म्हणजे बॅटरीने चुंबकत्व पुन्हा जागं करतात. पण ते एक्सायटर फील्डला (एक्सायटरच्या स्टेटरला), सेट बंद असताना, एव्हीआरच्या वायरी सोडवून, 12 व्होल्टने, क्षणभर. चालू सेटच्या आउटपुटला बॅटरी लावली आणि मशीन खरंच जागं झालं, तर तुमच्या हातातल्या त्याच वायरींवर 230 व्होल्ट येतात. बॅटरी फुटू शकते ते वेगळंच.

छोट्या पेट्रोल जनरेटरपैकी अनेकांत एव्हीआर नसतोच, कपॅसिटर असतो. तिथे व्होल्टेज पडलं तर आधी तोच बदलून बघा, मात्र हात लावण्याआधी बल्ब टेकवून डिस्चार्ज करा.

‘व्होल्टेज कमी आलं तर स्पीड वाढवा.’

चार पोलचं (चुंबकी ध्रुवांचं) मशीन 1500 आरपीएमला 50 हर्ट्झ देतं, दोन पोलचं 3000 ला. स्पीड वाढवला की आधी फ्रीक्वेन्सी वाढते आणि त्याचा फटका लिफ्टच्या ड्राइव्हला, पंपाच्या मोटरला बसतो. आधी हर्ट्झ बघा. फ्रीक्वेन्सी साधारण 47-48 च्या खाली गेली की एव्हीआर मुद्दामच व्होल्टेज उतरवतो. तसं असेल तर आजार इंजिनाचा: तुंबलेला डिझेल फिल्टर, लाइनमध्ये हवा, गव्हर्नर (इंजिनाचा स्पीड सांभाळणारा भाग), नाहीतर जास्तीचा लोड. हर्ट्झ बरोबर असून व्होल्ट कमी असतील तर एव्हीआरचा व्होल्टेज ट्रिमर एक-दोन अंश फिरवून बघा. आणि 1 जुलै 2023 पासूनच्या सीपीसीबी (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ) फोर प्लस नियमांतल्या इलेक्ट्रॉनिक इंजिनांवर पाना घेऊन स्पीडचा स्क्रू शोधत बसू नका.

‘दर आठवड्याला दहा मिनिटं विनालोड चालवा, इंजिन तंदुरुस्त राहतं.’

बॅटरी चार्ज होते, एवढंच. इंजिन नीट तापत नाही, अर्धवट जळलेलं डिझेल आणि काजळी सायलेन्सरमध्ये साठते आणि जोडातून काळं तेलकट पाणी गळायला लागतं. त्यापेक्षा महिन्यातून एकदा अर्धा तास, क्षमतेच्या निदान 30 टक्के लोडवर चालवा. लिफ्ट आणि पंप दोन्ही त्यावर घेतले की बहुतेक सोसायट्यांत तेवढा लोड होतो. गळती सुरू झालीच असेल तर लोड हळूहळू वाढवत 70-75 टक्क्यांवर दोन-तीन तास चालवून सायलेन्सर जाळून साफ करून घ्या.

‘62.5 केव्हीए म्हणजे 62.5 किलोवॅट लोड बिनधास्त टाका.’

0.8 पॉवर फॅक्टरला (केव्हीएपैकी प्रत्यक्ष कामाला येणारा हिस्सा) तो 50 किलोवॅट होतो, आणि दर फेजला साधारण 87 अँपिअर. दहा एचपीचा पंप चालू असताना 14-15 अँपिअर घेतो, पण डायरेक्ट स्टार्टरवर सुरू होताना सहापट, म्हणजे क्षणभर 85-90. म्हणून पंप आधी सुरू करायचा, मग लिफ्ट, मग जिने-पार्किंगचे दिवे. तिन्ही फेजवर क्लॅम्प मीटर लावून बघा. सगळे दिवे एकाच फेजवर लटकलेले सर्रास सापडतात.

‘तापला तर कॅनॉपीची दारं उघडी टाका.’

नको. कॅनॉपीतली (सेटभोवतीच्या आवाज अडवणाऱ्या पेटीतली) हवेची वाट दारं बंद आहेत असं धरूनच आखलेली असते. दार उघडलं की रेडिएटरची गरम हवा पुन्हा आत फिरते, आणि वर शेजाऱ्यांचे फोन येतात ते निराळेच. रेडिएटरच्या जाळीतला कचरा काढा, फॅन बेल्ट आणि कूलंट बघा.

‘दोन्ही बाजूंना प्लग असलेली वायर बनवा, जनरेटरमधून घराच्या सॉकेटला लावा, पूर्ण घर चालतं.’

चालतं, आणि मेन स्विच विसरलात तर वीज मीटरमधून उलटी बाहेरही जाते. कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर उलट दिशेनेही काम करतो. लो-टेन्शन बाजूला जनरेटर लागला की वरच्या, बंद समजलेल्या 11 केव्हीच्या लाइनवर हजारो व्होल्ट उभे राहू शकतात. तिथे महावितरणचा वायरमन खांबावर काम करत असतो. तेवढ्यात लाइट परत आली तर जनरेटर आणि महावितरण समोरासमोर येतात आणि अल्टरनेटर जातो. शिवाय वायर एका टोकाने सॉकेटमध्ये असताना दुसऱ्या टोकाच्या उघड्या पिना जिवंत असतात.

घराला चेंजओव्हर स्विच (एका वेळी महावितरण किंवा जनरेटर, एकच जोडणारा), सोसायटीला चार पोलचा. न्यूट्रलही तुटला पाहिजे, तीन पोलवर भागवू नका. सेटच्या न्यूट्रलसाठी दोन आणि बॉडीसाठी दोन स्वतंत्र अर्थिंग हवीत. बसवून झाल्यावर महावितरणची लाइट नसताना सेट चालू करा, चेंजओव्हर सेटकडे ठेवा आणि त्याच्या महावितरणच्या बाजूच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावा: तिन्ही फेज आणि न्यूट्रल, प्रत्येक अर्थला धरून. चारही ठिकाणी शून्य आल्याशिवाय वायरमनचं बिल चुकवू नका.