'मुलांना गूगल येतं, लायब्ररियनने कशाला शिकवायचं?' या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर. मी कॉलेजची लायब्ररियन. माहिती कशी शोधायची हे लायब्ररियनने वर्गात जाऊन शिकवावं, या माझ्या मागच्या पोस्टवर तुम्ही लिहिलंत की मुलं सगळं गूगलवर शोधतातच, वर्षाच्या सुरुवातीला ओरिएंटेशन होतं तेवढं पुरे, आणि लायब्ररियन वर्गात जाऊन शिकवायला लागले तर काउंटरवर कोण बसणार. काउंटरचा मुद्दा खरा आहे, त्यावर खाली बोलते, पण बाकीचं मला अजिबात पटलं नाही.

ओरिएंटेशनमधे काय होतं ते तुम्हीही बघता. कॉलेज उघडल्या उघडल्या सगळे हॉलमधे, पीपीटीवर कार्ड कसं करायचं, फाईन किती, एन-लिस्टचा (कॉलेजांसाठीच्या ऑनलाइन जर्नल-पुस्तकांच्या योजनेचा) पासवर्ड कुणाकडे मागायचा. त्या दिवशी एकाही मुलाकडे शोधायला स्वतःचा प्रश्न नसतो, मग लक्षात काय राहणार? तोच तास गणेश चवथीच्या सुट्टीनंतर, प्रोजेक्टचे विषय ठरल्यावर घेतला की मुलं थांबून थांबून विचारतात, कारण तेव्हा त्यांचं खरोखर अडलेलं असतं.

आणि गूगल येतं म्हणजे नक्की काय येतं? स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅग्रू यांनी 2017 मधे 10 इतिहासकार, 10 फॅक्ट-चेकर (बातम्यांमधली माहिती खरी की खोटी ते तपासणारे) आणि तिथलेच 25 विद्यार्थी घेऊन त्यांना वेबसाइट तपासायला दिल्या. पीएचडी झालेले इतिहासकारसुद्धा बऱ्याचदा लोगो आणि भारदस्त नाव बघून फसले, फॅक्ट-चेकर मात्र त्या साइटवर रेंगाळलेच नाहीत, लगेच नवा टॅब उघडून ही मंडळी कोण, इतर लोक यांच्याबद्दल काय म्हणतात ते बघायला गेले. ही नुसती सवय आहे हो, आणि ती शिकवता येते.

आपल्या गोव्यातलंच उदाहरण घ्या. टीवायच्या एखाद्या मुलीचा विषय समजा खाजन शेती, म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेली शेती. ती 'गोवा शेती' असं काहीतरी टाकते, भलतंच येतं, मग चॅटजीपीटीला विचारते आणि तो छान छान संदर्भ देतो ज्यातले काही अस्तित्वातच नसतात. तिला आधी विषयातून प्रश्न काढायला शिकवायचं: बांध आणि मानस (पाणी आत-बाहेर सोडायची दारं) पूर्वी कोण सांभाळायचं, 1964 चा कूळ कायदा आल्यावर ते काम कुणाकडे गेलं? प्रश्न सापडला की शब्द आपोआप सुचतात, गावकारी आणि कोमुनिदाद (गावाची जमीन सांभाळणारी जुनी संस्था), टेनन्सी अ‍ॅक्ट (म्हणजे तोच कूळ कायदा). मग शोधगंगा या भारतातल्या पीएचडी प्रबंधांच्या साइटवर एखादा थीसिस काढायचा, त्याची संदर्भयादी वाचायची, गूगल स्कॉलरवर 'साइटेड बाय' दाबून त्यानंतर कुणी काय लिहिलं ते बघायचं, आणि इंटरनेटवर नसलेल्या गोष्टींसाठी पणजीत पाटोला सेंट्रल लायब्ररीत नाहीतर पर्वरीच्या झेवियर सेंटर या इतिहास संशोधन संस्थेत जायचं. सेंट्रल लायब्ररी 1832 पासूनची आहे, तिथे गोव्यावरचं जे जुनं साहित्य आहे ते आपल्या मुलांनी बघितलेलंच नसतं याचं मला फार वाईट वाटतं.

आता काउंटर. माणसं कमी आहेत, सगळ्या वर्गांना शिकवणं जमणार नाही, मान्य. म्हणून सगळ्यांना नकोच, एका डिपार्टमेंटपासून सुरू करूया. नवीन शैक्षणिक धोरणात पदवीच्या चौथ्या वर्षी रिसर्च घेणाऱ्यांना 12 क्रेडिटचं डिसर्टेशन (शोधप्रबंध) आहे, निदान त्यांना तरी शोधायचं कसं हे आधीच्या वर्षी यायला हवं की नको?

आणि यात तुमच्या मदतीशिवाय काही होणार नाही सर. मुलं मार्क असतील तेच मन लावून करतात. प्रोजेक्टसोबत एक पान मागा, कुठे शोधलं, काय टाकून शोधलं, काय सोडून दिलं आणि का, आणि त्याला 5 मार्क ठेवा. विषय ठरले की यादी मला पाठवा, म्हणजे वर्गात मी त्याच विषयांवर शोधून दाखवीन, आणि तो तास तुम्हीही वर्गात बसा, कारण सापडलेलं त्या विषयात कितपत कामाचं आहे ते तुम्हीच सांगू शकता.