पॉवर विडर उड्या मारतो म्हणून क्लचची लिव्हर बांधू नका

"जुना पॉवर विडर आवरत नाही? चार सोपे उपाय" हा मेसेज सगळीकडे फिरतोय. पॉवर विडर म्हणजे फिरत्या पात्यांनी माती खणून तण काढणारं, मागून हँडल धरून चालवायचं छोटं मशीन. माझ्या मावसभावाने जुनं मशीन घेतलं आणि हा मेसेज वाचून तो लिव्हर बांधायची तार शोधायला लागला, म्हणून लिहितोय.

"क्लचची लिव्हर तारेने बांधा, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात." चारांतला हा उपाय जिवावर बेतणारा आहे. हात सुटला की पाती थांबावीत, यासाठीच ती लिव्हर असते. हाताने चालवायच्या अशा मशीनसाठी युरोपचं ईएन ७०९ हे सुरक्षा मानक आहे, त्यातही हीच अट आहे. रिव्हर्स टाकल्यावर तर फिरती पाती तुमच्याच पायांकडे येतात. मागे बांध किंवा झाड असेल, ढेकळावर पाय घसरला, तर बांधलेली लिव्हर सोडवायला वेळच मिळत नाही. उलट जुनं मशीन घेतल्यावर आधी हीच लिव्हर तपासा. पाती जमिनीला टेकवा, इंजिन आयडलवर म्हणजे सगळ्यात कमी वेगावर ठेवा, गिअर टाका, लिव्हर सोडलेली असू द्या. मशीन पुढे सरकलं तर क्लच पूर्ण सुटत नाहीये: केबल जास्त ताणलेली असते किंवा आयडल चढलेलं असतं. ते दुरुस्त झाल्याशिवाय मशीन शेतात नेऊ नका.

"मागची दांडी काढा, ती अडकते." अहो, ती अडकण्यासाठीच आहे! दांडी मातीत रुतून मशीनला मागे धरते, म्हणून पाती खणतात. ती काढली की पाती चाकांसारखी धावतात आणि मशीन तुम्हाला ओढत नेतं. दांडीची पिन मधल्या भोकात घालून सुरुवात करा. मशीन पळालं तर दांडी एक भोक खाली घ्या, जागीच खड्डा करत बसलं तर एक भोक वर. पहिल्या फेरीत दोन-तीन इंचच खोली घ्या.

"हँडलला दगडाचं पोतं बांधा." यात अर्धं खरं आहे. हँडल दाबलं की दांडी खोल जाते आणि मशीन मंदावतं. पण ते हाताने, लागेल तेवढंच दाबायचं. बांधलेलं वजन वळताना उचलता येत नाही.

"एक्सिलेटर फुल्ल ठेवा." कडक जमिनीत त्याने उड्या वाढतात, बाकी काही नाही.

खरं कारण बहुतेक वेळा पात्यांत सापडतं आणि त्याबद्दल मेसेजमध्ये एक अक्षर नाही. इंजिन बंद करा, स्पार्क प्लगची टोपी काढा, मग खाली वाका. डाव्या-उजव्या बाजूचे संच एकमेकांचे आरसे असतात. वाहतुकीसाठी काढून परत बसवताना ते अदलाबदल होतात, मग धारेऐवजी पात्याची बोथट पाठ मातीवर आदळते. पुढे जाताना धारच आधी मातीत शिरली पाहिजे. मशीन एकाच बाजूला ओढत असेल तर दोन्हीकडची पाती मोजा, झीज बघा, पाती बसवलेल्या शाफ्टला गुंडाळलेलं गवत कापा. शाफ्टच्या पिनऐवजी खिळा ठोकलेला सापडला तर भोकही बघा. ते लांबट झालं असेल तर नवी पिनही खुळखुळणार, तो तुकडाच बदला.

आणि वाफसा, म्हणजे माती कामाजोगी सुकली आहे का ते, बघा. मुठीत दाबलेला मातीचा गोळा कमरेच्या उंचीवरून टाकल्यावर फुटला पाहिजे. नुसता चपटा झाला तर त्या दिवशी मशीन काढू नका.