अकोल्याच्या ४६ अंशांची आठवण करून देणाऱ्या वाचकांना

नमस्कार,

मेलबर्नच्या उन्हाळ्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : "आमच्या अकोल्यात ४५-४६ अंशांत माणसं शेतात राबतात. तुम्ही ४२ अंशांत पडदे ओढून एसीत बसता आणि वर त्याच्यावर लेख लिहिता. माहेर विदर्भातलं असून इतका बाऊ? माठ आणि वाळा विसरलात वाटतं."

आधी चूक कबूल करते. 'असं ऊन भारतात कधी पाहिलं नाही' हे वाक्य मी लिहायला नको होतं. वर्ध्याच्या मे महिन्यात डोक्याला दुपट्टा गुंडाळून शाळेतून घरी आलेली मुलगी मी, आणि तुमच्याकडे भर उन्हात काम करणाऱ्यांना घरी बसायची सोयही नसते. ते वाक्य काढून टाकलंय.

पण "सवय असली की काही होत नाही" हे मला मान्य नाही. त्याचं कारण लेखात लिहिलं नव्हतं, ते आता लिहिते.

गेल्या जानेवारीत आई आमच्याकडे होती. वय ७३, जन्म वर्ध्याचा. त्या दिवशी बाहेर ४१ होतं आणि आम्ही दोघंही कामावर. दीड वाजता फोन केला, तर म्हणाली, "अगं, हे काय ऊन आहे? तू आपलं काम कर." साडेपाचला घरी आले तर हॉलमधला एसी बंद. आई पश्चिमेच्या खोलीत, दार लावून, पंखा पाचवर ठेवून पडलेली. एकटीसाठी एवढं बिल कशाला, म्हणून तिनं एसी बंद केला होता. उशाशी पाण्याची बाटली जवळजवळ भरलेली. रक्तदाबाच्या गोळीनं सारखं बाथरूमला जावं लागतं, म्हणून ती पाणीच कमी पीत होती. मला बघून म्हणाली, "आज शाळा लवकर सुटली का गं?" मी हात हातात घेतला. तापलेला होता, आणि कोरडा.

०००ला, म्हणजे इथल्या आपत्कालीन नंबरला, फोन लावला. अँब्युलन्स येईपर्यंत ओल्या चादरीनं तिचं अंग पुसत होते, पंख्याचा वारा त्या ओल्या अंगावर घेत होते. दोन रात्री ती दवाखान्यात होती. आता बरी आहे.

तीच आई, तिनं आयुष्यभर वर्ध्याचा उन्हाळा काढलाय. मग इथे काय वेगळं झालं?

एक तर ती भारतातल्या हिवाळ्यातून थेट इथल्या उन्हाळ्यात आली होती. विदर्भात मार्चपासून ऊन चढत जातं, अंगाला सवय व्हायला वेळ मिळतो. ही सवय एक-दोन आठवड्यांत लागते आणि थंडीत जातेही. मेलबर्नला आदल्या दिवशी २४ आणि दुसऱ्या दिवशी ४१ असू शकतं, कारण वारा उत्तरेकडून फिरला की देशाच्या मधल्या वाळवंटातली हवा थेट अंगावर येते. इथे वर्षभर राहणाऱ्यांनाही ते जड जातं.

दुसरं घर. आमच्या टारनीटमधली, म्हणजे मेलबर्नच्या या उपनगरातली, घरं बाहेरून विटांची दिसतात, पण ती वीट म्हणजे नुसतं आवरण. आत लाकडी सांगाडा आणि प्लास्टरबोर्ड. वर गडद रंगाचं छप्पर, खिडकीवर छज्जा जेमतेम, शेजारचं घर दोन हातांवर, झाडं अजून कंबरेएवढी. जानेवारीत सूर्य रात्री पावणेनऊच्या आसपास मावळतो, म्हणजे पश्चिमेची खिडकी संध्याकाळभर तापते. एकदा घरात शिरलेली उष्णता मग लवकर बाहेर जात नाही. त्या रात्री दहा वाजता आईच्या खोलीत ३६ होतं, तेव्हा अंगणात २९ होतं.

आणि पंखा. हवा आपल्या कातडीपेक्षा, म्हणजे साधारण ३५ अंशांपेक्षा, गरम झाली की पंखा गरम हवाच अंगावर मारतो. घाम येत असेल तोवर त्यानं बरं वाटतं. म्हाताऱ्या माणसाला घाम कमी येतो, त्यात पाणी पोटात नसेल तर आणखीच कमी. म्हणून पंख्यासोबत अंग ओलं हवं.

तुम्ही बाऊ म्हणालात. २००९च्या जानेवारीअखेर मेलबर्नमध्ये सलग तीन दिवस पारा ४३च्या वर होता. त्या आठवड्यात व्हिक्टोरिया राज्यात (मेलबर्न त्याची राजधानी) नेहमीपेक्षा ३७४ माणसं जास्त गेली, त्यात पंचाहत्तरीच्या पुढची सर्वाधिक. पुढच्याच आठवड्यात, ७ फेब्रुवारीला, वणव्यात १७३ जण गेले. तो दिवस इथे सगळ्यांना ठाऊक आहे. घराघरांत गेलेली माणसं कुणाला आठवत नाहीत.

माठाचं म्हणाल तर तो आहे आमच्याकडे. उत्तरेचा वारा इतका कोरडा असतो की माठातलं पाणी वर्ध्यासारखंच गार होतं. वाळ्याच्या ताट्याही चालतील, कारण तत्त्व कूलरचंच आहे. फक्त हवेला बाहेर जायला वाट हवी. इथे बऱ्याच घरांच्या छपरावर मोठे कूलर बसवलेले असतात आणि आपली मंडळी एसीच्या सवयीनं सगळ्या खिडक्या गच्च लावून ते चालवतात. मग घरात दमटपणा साठतो आणि कूलर निकामी वाटतो. दोन खिडक्या चार बोटं उघडल्या की फरक लगेच कळतो. (वणव्याचा धूर असेल तर मात्र कूलर बंदच हवा, तो बाहेरचीच हवा आत ओढतो.)

आम्ही पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून हिरवं शेडनेट बांधलंय. आतला पडदा काच तापल्यावर उपयोगी पडतो, नेट काच तापूच देत नाही. सकाळी नऊला घर बंद. संध्याकाळी किंवा रात्री कधीतरी नैऋत्येचा गार वारा येतो, त्याला इथे 'कूल चेंज' म्हणतात. अर्ध्या तासात पंधरा अंश उतरल्याचं मी पाहिलंय. गल्लीतली दारं-खिडक्या एकामागून एक उघडल्याचे आवाज येतात. त्या वेळी झोपेत असलो तरी उठून घर उघडायचं, नाहीतर रात्रही तशीच तापत जाते.

आई-वडील व्हिजिटर व्हिसावर आलेत अशा वाचकांसाठीही हे लिहितेय. त्यांना मेडिकेअर, म्हणजे इथली सरकारी आरोग्य योजना, नसतं, विमा नीट बघून घ्या. अँब्युलन्सच्या बिलाच्या धाकानं फोन करायला उशीर करू नका. असंबद्ध बोलणं सुरू झालं की थांबायचं नाही. रक्तदाबाच्या गोळ्या आणि पाणी याबद्दल उन्हाळ्याआधीच डॉक्टरांना विचारा. घरात एसी नसेल तर दुपारी त्यांना वाचनालयात किंवा मॉलमध्ये नेऊन बसवा. आणि फोनवर "ठीक आहेस ना?" विचारू नका, त्याला उत्तर "हो"च येतं. "एसीवर आकडा किती दिसतोय, वाचून दाखव" असं सांगा.

आई या वर्षीही आली आहे. रिमोटवर मी कागद चिकटवलाय, 'बंद करायचा नाही'. उद्या ४२ सांगितलंय. मी सुट्टी घेतली आहे.