सायकलीला दोन कुलपं, रॅक रामभरोसे

मंडळी, जरा स्पष्ट लिहितोय. कुणाला राग आलाच तर येऊ दे.

बेळगावात गाडीमागं सायकलचा रॅक दिसणं आता नवीन राहिलेलं नाही. रविवारी पहाटे राजहंसगड, राकसकोप, जांबोटी, नाहीतर थेट आंबोली गाठायची म्हणून टिळकवाडी-हिंदवाडीकडच्या बऱ्याच जणांनी रॅक घेतलेत. आनंद आहे. पण सोमवारी ऑफिसला, बुधवारी भाजीला, शुक्रवारी लग्नाला, रॅक आपला डिकीवरच! ‘काय ओ, काढला नाही?’ म्हटलं की उत्तर ठरलेलं, ‘असू दे की, कोण नेतंय!’ सायकल मात्र घरात, दोन कुलपांत. चांगल्या कंपनीचा रॅक हजारोंच्या घरात जातो, आणि तो रात्रभर गल्लीत उघड्यावर.

माझं मत असं की रिकामा रॅक गाडीवर ठेवायचाच नाही. कुलपं-साखळ्या सगळं त्यानंतर. रिकामा रॅक बघून चोराला एवढंच कळतं की या घरात भारी सायकली आहेत. शिवाय त्यानं नंबर प्लेट नाहीतर मागचे दिवे झाकले गेले तर तो नियमभंग होतो. महाराष्ट्रात चंदगड-सावंतवाडीकडं आपली केए २२, म्हणजे बेळगावची गाडी तशीही नजरेत भरते, त्यात प्लेट झाकलेली असली तर बघायलाच नको.

डिकीला पट्ट्यांनी बांधायचा रॅक काढायला चहा निवेपर्यंतही वेळ लागत नाही, त्यामुळं ‘रोज कोण काढणार’ ही तक्रार मी ऐकून घेत नाही. छतावरच्या रॅकचं मान्य, ते किचकट काम आहे. स्टेपनीवर बसवलेल्याचंही तसंच. कुलपाचा विचार खरा तिथं करायचा.

हा विचार करताना लोक ग्राइंडर आणि कटरची भीती घालतात. अहो, रॅक न्यायला ग्राइंडर कशाला लागतोय? एक पाना, एक अ‍ॅलन की (षटकोनी दांड्याची किल्ली), पट्ट्यांचा असेल तर नुसते हात. म्हणून आधी पान्याचा बंदोबस्त करा. बऱ्याच रॅकना ५ मिलिमीटरच्या अ‍ॅलन कीचे बोल्ट असतात. सायकलच्या पुढच्या हबमधला (चाकाच्या मधल्या तुंब्यातला) ३/१६ इंचाचा छर्रा बोल्टच्या डोक्यातल्या त्या भोकात जेमतेम बसतो. तो आत टाकून वर मेणबत्तीचं मेण ओतायचं, म्हणजे अ‍ॅलन की आत जातच नाही. काढायच्या वेळी मेण खरवडायचं आणि लोहचुंबकानं छर्रा ओढून घ्यायचा. खर्च जवळजवळ शून्य. एम-सील भरणारेही आहेत, पण पुढं ते खरवडताना आपलीच हाडं खिळखिळी होतात.

यापेक्षा पक्कं हवं असेल तर आपण फौंड्री आणि मशीन शॉपच्या गावात राहतो, हे विसरू नका. बाजारातला कुठलाच पाना लागणार नाही असा पंचकोनी डोक्याचा नट आणि त्याचा एकुलता एक पाना उद्यमबागेतल्या कारखान्यांत करून घेता येतो. परदेशी ‘सिक्युरिटी बोल्ट’ मागवण्यापेक्षा मला हे जास्त पटतं. मधोमध टोक असलेल्या स्टार बोल्टवर माझा भरवसा नाही, त्याचे बिट हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतात.

पट्ट्यांच्या रॅकला प्लास्टिक चढवलेल्या बारीक वायररोपचा फास घाला. दुसऱ्या टोकाला मोठा वॉशर क्रिंप करून (दाबून पक्का बसवून) घ्या, तो डिकीत टाका आणि दार लॉक करा. पक्कड असलेल्या चोरापुढं ही तार टिकणार नाही, हे खरं. पण जाता जाता हात मारणारा पुढं सरकतो, आणि अशांचीच भीती जास्त.

रॅकबरोबर आलेलं कुलूप जरा नीट बघा. काहींच्या तोंडावरच किल्लीचा नंबर कोरलेला असतो आणि त्या नंबरावरून किल्ली मागवता येते. नंबर डायरीत लिहा, मग कुलपावरचा खरवडून टाका. आणि आपल्याकडचा पाऊस! जून ते सप्टेंबर बाहेर राहिलेलं कुलूप गणपतीनंतर उघडायला गेलं की किल्लीच तुटते. तेलाला खानापूरकडची तांबडी धूळ चिकटते, त्यापेक्षा ग्रॅफाइट पावडर बरी.

एवढं करूनही गेलाच तर? बिल, फोटो आणि सिरीयल नंबर हाताशी असू देत. गाडीच्या विम्यात रॅकची वेगळी नोंद केलीय का, हेही आत्ताच बघून घ्या. आंबोलीत चोरी झाली आणि बेळगावात आल्यावर कळलं, तर परत तिथं जायची गरज नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, जवळच्या ठाण्यात फिर्याद देता येते. मग तो झिरो एफआयआर संबंधित ठाण्याकडं वर्ग होतो. हद्द महाराष्ट्राची की कर्नाटकची, हा घोळ निदान रॅकच्या बाबतीत तरी आपल्याला घालावा लागत नाही.