‘रिकामटेकड्यांचं काम’ म्हणणाऱ्या वाचकांना

मागच्या आठवड्यात मी घरच्या नळदुरुस्तीच्या वहीबद्दल लिहिलं होतं. कुठल्या भिंतीत कुठला एल्बो (वळणाचा जोड), कुठला टी (तीन तोंडांचा जोड), कोणत्या मापाचा, कधी बसवला, याच्या नोंदी मी कशा ठेवते ते. त्यावर एका वाचकांनी लिहिलंय : “ताई, हे रिकामटेकड्यांचं काम आहे. गळायला लागलं की प्लंबरला फोन करायचा, तो बघून घेतो. चुकीची नोंद असण्यापेक्षा नोंद नसलेली बरी. फोटो काढले तरी पुरतं. आणि सीपीव्हीसीचं माप तरी नीट लिहा.”

तुमचं बरोबर आहे ते आधी मान्य करते. अर्धा इंची सीपीव्हीसीचा, म्हणजे गरम पाण्यालाही चालणाऱ्या प्लास्टिक पाइपचा, बाहेरचा व्यास 15.9 मिमी असतो, मी 19.5 लिहिला. वहीत बरोबर आहे, टाइप करताना आकडे उलटे पडले. दुरुस्त केलंय. आभार.

आता ‘रिकामटेकड्यां’बद्दल. ताई म्हणून हाक मारायची आणि त्याच वाक्यात असं बोलायचं, ही कुठली रीत? मी 22 वर्षं एका शाळेच्या कार्यालयात डेडस्टॉक रजिस्टर सांभाळलं. बाक किती, घंटा किती, मोडलेल्या खुर्च्या किती, सगळं माझ्या हातचं. तपासणीत एका ओळीवर कधी लाल शाई पडली नाही. माझे वडील साखर कारखान्यात फिटर होते. घरी काही काम काढलं की वहीत तीन रकाने आखायचे : आणले, लागले, परत दिले. उरलेले जोड, निप्पल आणि सॉकेट, दुसऱ्या दिवशी दुकानात परत जायचे आणि पैसे आईच्या हातात पडायचे. तो माणूस तिन्ही पाळ्या करायचा. त्याला रिकामटेकडा म्हणणार का तुम्ही?

आणि प्लंबर ‘बघून घेतो’ म्हणजे नक्की काय बघतो? भिंतीच्या आतलं त्याला दिसत नाही. आमच्याकडे एकदा न्हाणीघरात लाइन फुटली तेव्हा वडील गेलेले होते, आणि मधली दोन-तीन वर्षं मीही काही लिहिलं नव्हतं. प्लंबरने थोडी भिंत उकरली, पाइपचा जाडपणा नजरेने जोखला आणि पाऊण इंची सीपीव्हीसीचा कपलर, म्हणजे दोन पाइप जोडणारा तुकडा, आणायला सांगितला. आणला, तर सैल. पाइप अर्धा इंची यूपीव्हीसी निघाला, म्हणजे गार पाण्याचा प्लास्टिक पाइप. ‘अर्धा इंची’ हे नुसतं नाव, त्याचा बाहेरचा व्यास 21.3 मिमी आणि पाऊण इंची सीपीव्हीसीचा 22.2. सिमेंटने माखलेल्या भोकात हा फरक कुणाच्या डोळ्याला कळणार? पुन्हा दुकान गाठलं, तर या वेळी शेतीच्या लाइनचा 20 मिमीचा पीव्हीसी कपलर हातात पडला, कारण आमच्याकडे त्यालाही ‘अर्धा इंची’च म्हणतात. तो पाइपवर चढेचना. तिसऱ्या खेपेपर्यंत दुपार झाली, दुकान बंद. घरात आजारी आई आणि नळाला पाणी नाही. प्लंबर भला माणूस होता, त्याचा दोष नाही. ‘अर्धा इंची यूपीव्हीसी’ एवढे शब्द वहीत असते तर एका खेपेत काम झालं असतं.

त्या दिवसापासून मी वही पुन्हा सुरू केली. नुसतं माप नाही, जागाही लिहिते.

2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरात पुराचं पाणी माळ्यापर्यंत चढलं. वही मी विश्रामबागला बहिणीकडे नेली होती, कागदपत्रांच्या पिशवीत. पाणी उतरल्यावर लाइन गाळाने भरलेली, नळ उघडला की तांबडा चिखल. वहीत लिहिलं होतं : न्हाणीघर, उत्तरेची भिंत, दारापासून 2 फूट 4 इंच, फरशीपासून 9 इंच वर, टी. एकच टाइल फोडली, तिथून लाइन उघडली आणि धुऊन काढली. शेजारच्या घरात आख्खी भिंत सोलली. मी ते डोळ्यांनी पाहिलंय. तुम्ही त्या आठवड्यात सांगलीत होतात का?

चुकीच्या नोंदीचं म्हणाल, तर त्यावर वेगळं काय बोलायचं? चूक होते म्हणून कोणी हिशेब लिहायचा सोडत नाही. फोटोचंही तसंच. प्लास्टर झाल्यावर काढलेल्या फोटोत भिंत दिसते, आत काय आहे ते दिसत नाही.

वहीत दम नाही असं वाटत असेल तर तसं कारणासकट लिहा, मी ऐकून घेईन. पण घरातली बाई पाना हातात घेते आणि वर नोंद ठेवते, एवढ्यावरून तिला रिकामटेकडी ठरवणार असाल, तर पुन्हा ताई म्हणू नका.

रविवारी गच्चीवरच्या टाकीचा बॉल व्हॉल्व्ह बदलतेय. 1 इंची आहे, दोन बाजूंना एमटीए, म्हणजे बाहेरून आटे असलेले जोड. नोंद इथेच टाकीन.