'जागेवर उडवा' म्हणणाऱ्यांना

नाशिकच्या ग्रुपांवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय. शस्त्रतस्करांच्या मागे लागलेल्या पोलिसांचा सिनेमा पाहून कुणीतरी लिहिलाय : 'असे पोलीस नाशिकला द्या. पाठलाग करा, जागेवर उडवा. कायदा लेचापेचा आहे, आणि पंचनाम्यांमुळेच कट्टेवाले (गावठी पिस्तूलवाले) सुटतात.' माझ्या घरच्यांनीही तो पुढे पाठवला, म्हणून लिहितोय.

आधी पाठलागाचं. डिसेंबर २०१७ मधली आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट. मालेगावकडच्या एका पंपावर बोलेरोतून आलेल्यांनी डिझेल भरलं आणि पैसे मागितल्यावर हत्यार दाखवलं. पंपावरच्यांनी पोलिसांना कळवलं आणि चांदवडच्या टोलनाक्याजवळ गाडी अडवली गेली. आत रायफली, रिव्हॉल्व्हर आणि चार हजारांवर काडतुसं निघाली! ज्यांच्यावर हत्यार रोखलं गेलं, त्या पंपावरच्या माणसांनी धीर करून खबर दिली, ही त्या कारवाईची सुरुवात.

'जागेवर उडवा'. आणि मग? त्या गाडीतले तिघे जिवंत हाती लागले. माल उत्तर प्रदेशातल्या बांद्याच्या शस्त्रांच्या दुकानातून चोरलेला होता, हेही उघड झालं. कट्टा बनवणारा एक, पोहोचवणारा दुसरा, घेणारा तिसरा. पोहोचवणाराच मेला तर बनवणाऱ्याचं नाव सांगणार कोण? शिवाय चकमकीत माणूस मेला तर गुन्हा नोंदवून स्वतंत्र तपास झालाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच बजावलंय.

कायदा लेचापेचा? २०१९ च्या दुरुस्तीनंतर शस्त्रांच्या तस्करीला किमान १० वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप आहे.

राहिला पंचनामा, आणि याचाच मला जास्त राग आला. मी स्वतः पंच, म्हणजे जप्तीचा साक्षीदार, होतो. नाशिकच्या द्वारका चौकाजवळ रात्री साडेअकराला हवालदार म्हणाले, "दादा, पंच म्हणून थांबाल का?" शेजारचा पानवालाही थांबला. पोराच्या कमरेला देशी पिस्तूल होतं. साहेबांनी मॅगझीन काढलं, दोन जिवंत काडतुसं आमच्यासमोर मोजली, पाकिटात घातली. सुतळी बांधली, मेणबत्तीवर लाख वितळवून सील केलं. पाकिटावरच्या चिठ्ठीवर आम्हा दोघांच्या सह्या. दीड तास गेला, लाखेचा थेंब बोटावर पडून फोड आला. आता, १ जुलै २०२४ पासून, झडती आणि जप्तीचं चित्रीकरणही करावं लागतं.

तीन वर्षांनी सीबीएस बसस्थानकाजवळच्या कोर्टात साक्षीला उभा राहिलो. आरोपीचे वकील म्हणाले, हे पाकीट तेच कशावरून? पिस्तूल मागाहून ठेवलं नाही कशावरून? माझ्याजवळ दुसरं काय होतं? मी चिठ्ठी पाहिली आणि म्हणालो, "ही सही माझी आहे, आणि सील करताना मी तिथेच उभा होतो."